दोघांचा होकार

आमच्या कंपनीत एआय आलं तेव्हा त्याचे नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हुशारीमुळे नव्हे. मी सगळ्यांत जुनी होते आणि सगळ्यांत संशयी. पणजीचे साहेब हसत म्हणाले, "ताई, तुमचा कशावरच विश्वास नसतो. तेव्हा हे तुम्हीच करा." मी ते कौतुक समजून घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कौतुक न्हय गे ता. उद्या काय बिघडला तर कोणाक धरूचा, ता त्यांनी आजच ठरवून ठेवला." मी त्याच्याशी भांडले. उगाच भांडले, असं आता वाटतं.

आमचा धंदा सांगायला सोपा आहे. लोकांचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळतो. मोरजीची हॉटेलं, डिचोलीचे हार्डवेअरवाले, दोन-तीन दवाखाने, आणि मोपाला विमानतळ झाल्यापासून पठाराच्या आजूबाजूला उगवलेले गाड्या भाड्याने देणारे. मुख्य ऑफिस पणजीला. आमचं छोटं ऑफिस डिचोलीला, बसस्टँडपासून जवळ, एका चपलांच्या दुकानाच्या माडीवर. तिथे आम्ही तिघंच. मी पार्सेहून स्कूटरने जायचे, कोलवाळचा पूल ओलांडून, अस्नोड्याच्या वाटेने. एके काळी त्या भागात खाणीच्या ट्रकांमुळे डोळे उघडता येत नसत. कुठलाही कॉम्प्युटर उघडला तर आत तांबड्या मातीचा थर बसलेला असायचा. खाणी बंद झाल्या, माती गेली, आणि मातीबरोबर अर्ध्या डिचोलीची मिळकतही गेली. पण तो विषय काढला की लोक अजून तासभर बोलतात, म्हणून मी काढत नाही.

फोन दिवसभर वाजायचा. "गो बाय, सगळां बंद पडलां!" म्हणजे बहुतेक वेळा कोणीतरी मिक्सर लावायला प्लग काढलेला असायचा. असल्या फोनांना आम्ही सरावलो होतो. खरी कामं वेगळी असायची, आणि त्यांच्यासाठीच एआय आणलं होतं. ते सगळ्यांच्या मशिनांवर नजर ठेवायचं, कुठे काय बिघडतंय ते आधीच सांगायचं आणि उपायही सुचवायचं. गंमत म्हणजे ते चांगलं काम करायचं. मी किती तरी दिवस त्याची चूक शोधत बसले होते, अगदी टपून. सापडली की पणजीला फोन करून ऐकवायचं, असं ठरवलं होतं. बारीकसारीक सापडल्या, पण फोन करून मिरवावं असं काही हाताला लागलं नाही. दुपारी जेवायच्या वेळी ते ज्या कामाचा निकाल लावायचं, त्या कामात पूर्वी माझा आख्खा दिवस जायचा. याचा मला राग यायचा, हे खरं आहे.

तरी नियम मी कडक लिहिले. पणजीतल्या एका शहाण्याने एका हॉटेलच्या पाहुण्यांचे पासपोर्टचे तपशील बाहेरच्या कुठल्यातरी फुकटच्या एआयमध्ये टाकले होते, पत्र नीट लिहून हवं म्हणून. त्याला मी सगळ्यांसमोर झाडलं आणि पहिला नियम लिहिला : लोकांची माहिती आपल्या घराबाहेर जाता कामा नये. दुसरा : एआयने सुचवायचं, करायचं माणसाने. तिसरा नियम माझा लाडका होता. जिथे काही पुसलं जाणार असेल, तिथे दोन माणसांचा होकार लागेल. दोघांनी वेगवेगळं वाचायचं आणि वेगवेगळा होकार द्यायचा. त्यासाठी कंपनीने होकार देणाऱ्या प्रत्येकाला एकेक चावी दिली. बोटाच्या पेराएवढी, पेनड्राइव्हसारखी. ती आपल्या मशिनात खोचून, आपला गुप्त आकडा टाकल्याशिवाय होकार जायचा नाही. आणि खाली मी एक ओळ घातली : वाचूनही चूक झाली तर ताकीद. पण आपली चावी दुसऱ्याच्या हाती दिली, तर नोकरी गेली. साहेबांनी विचारलं, "एवढं कडक कशाला?" मी म्हटलं, "त्याशिवाय आपली माणसं ऐकत नाहीत." ती ओळ लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

डिचोलीला या दोन चाव्या बाय आणि बाब यांच्याकडे होत्या. आमच्याकडे प्रत्येक धाकटी बाई बाय असते आणि प्रत्येक पुरुष बाब, तेव्हा यातून कोणाचं काही कळणार नाही. बाय चाळिशीच्या आतबाहेरची. माहेर दोडामार्गचं, त्यामुळे तोंडी मालवणी. सासर लाटंबार्सेला. नवऱ्याचा खाणीवर टिपर होता. खाणी बंद झाल्यापासून तो टिपर घराशेजारी फणसाखाली उभा आहे आणि नवरा सीझनमध्ये मोरजीला हॉटेलची जीप चालवतो, पावसाळ्यात काहीच चालवत नाही. घर चालतं ते बायच्या नोकरीवर. मुलगी बारावीला, तिला नर्सिंगला जायचं आहे. बाब पन्नाशीचा, असोल्णेकडून येऊन म्हापशाला राहिलेला, कॅथलिक, मितभाषी. दोघं एका मेजाच्या दोन बाजूंना बसून वर्षानुवर्षं भांडत होती. पंख्यावरून, जनेल म्हणजे खिडकी, ती उघडी ठेवण्यावरून, चहात साखर किती यावरून. मी मधे पडत नसे. मधे पडले की दोघं मिळून माझ्यावर उलटायची.

या दोघांचा एक करार होता, न लिहिलेला. चवथीला, म्हणजे गणपतीला, बाय घरी, बाब ऑफिसात. नाताळला बाब घरी, बाय ऑफिसात. गोव्यात अशी वाटणी बँकेतही असते, इस्पितळातही असते, त्यात नवल नाही. पण यांच्या करारात एक कलम जास्त होतं : सणाला गेलेल्या माणसाला फोन करायचा नाही. काहीही होवो. बाबने एका चवथीला तापाने फणफणलेल्या अंगाने तिची पाळी केली होती आणि तिला ते आठवड्याने कळलं. तिने त्याला शिव्या दिल्या. मग नाताळच्या दिवशी तिच्या सासऱ्यांना चक्कर आली तेव्हा तिनेही त्याला कळवलं नाही, शेजारणीला घरी पाठवलं आणि स्वतः फोनवर बसून राहिली. त्याने तिला शिव्या दिल्या. असा हिशेब होता त्यांचा.

गेल्या चवथीला मीही घरीच होते. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती, जावा-भावजया आल्या होत्या, खतखत्याची भाजी कोणी किती बारीक चिरायची यावर वाद सुरू होता. फोन मी कपाटात टाकला होता. डिचोलीला बाब एकटा होता.

त्या सकाळी डिचोलीतल्या एका नर्सिंग होमचं मशीन भरलं. तिथे एक्स-रे आणि सोनोग्राफीची चित्रं साठवली जातात. जागा संपली, सोनोग्राफी अडली, बाहेर एक पोटुशी बाई ताटकळत बसली. आमच्या एआयने कारण शोधलं आणि उपाय सुचवला : जुन्या चित्रांचे दोन साठे दिसतात, एकाचं नावच 'कॉपी' आहे, ही दुसरी प्रत पुसली तर जागा मोकळी होईल. सुचवलेलं वाचायला अगदी शहाणपणाचं होतं. मीही होकार दिला असता.

पण ती दुसरी प्रत नव्हती. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात ओल येऊन तिथलं जुनं मशीन बंद पडलं होतं. तिथल्या टेक्निशियनने घाईघाईत जेवढं वाचवता आलं तेवढं एका जागी उतरवून त्याला 'कॉपी' असं नाव दिलं. मूळ साठ्यात नुसती नावं आणि नखाएवढी चित्रं उरली होती. आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवायचं काम 'दिवाळीनंतर बघू' म्हणत राहिलं ते राहिलंच. एआयला हे कळायला मार्ग नव्हता, बाबलाही नव्हता, कारण किनाऱ्यावरची हॉटेलं तो बघायचा आणि डिचोलीचे दवाखाने बाय. मशीन बंद पडलं त्या दिवशी तिथे गेली होती ती बाय. तिने ते सुचवलेलं वाचलं असतं तर तिथल्या तिथे ओरडली असती.

माझ्या नियमात लिहिलं होतं की सुट्टीच्या दिवशी दुसरा होकार पणजीहून घ्यावा. बाबने पणजीला फोन केला. पणजीत चवथीच्या दिवशी फोन कोण उचलणार? त्याने पुन्हा केला. नर्सिंग होममधून नर्स दर थोड्या वेळाने विचारत होती. बायला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. तिला फोन करायचा नाही हा तर सगळ्या कराराचा गाभा होता. बायची चावी त्याच्या खणात होती. जाताना ती घराची किल्ली शेजारणीकडे देतात तशी देऊन गेली होती, आकड्यासकट. मागच्या नाताळला त्याची तिच्याकडे होती. त्याने वाचलं, स्वतःचा होकार दिला, मग तिच्या खुर्चीवर जाऊन तिच्या चावीने तिचाही दिला. जागा मोकळी झाली. सोनोग्राफी झाली. त्या बाईचं सगळं ठीक होतं.

सणानंतरच्या आठवड्यात नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी मला आणि बायला बोलावलं. म्हातारे गृहस्थ, डिचोलीत अर्ध्या लोकांची हाडं त्यांनी जोडलेली. त्यांच्यासमोर एक जण बसला होता, खाणीवर काम केलेला, छातीत डाग असलेला. दर वर्षी ते त्याचा नवा फोटो जुन्या फोटोंशेजारी ठेवून डाग वाढला का ते बघत. आता शेजारी ठेवायला काही नव्हतं. डॉक्टर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं, रागाला मी उत्तर देऊ शकते. ते एवढंच म्हणाले, "ताई, आता ह्येका मी काय सांगू? वाढला की नाय वाढला?" तो माणूस आमच्याकडे आळीपाळीने बघत होता.

माडीवर परत आलो तर बाब उभाच होता. मी काही विचारायच्या आधी म्हणाला, "चूक म्हजी, ताय. हांवें वाचलें, म्हाका बरें दिसलें, हांवें दामलें. तिचेंय हांवेंच दामलें." तिचंही मीच दाबलं. मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मी त्याच्यावर ओरडले, मग तिच्यावर ओरडले, मग खाली चपलांच्या दुकानापर्यंत आवाज गेला असणार म्हणून दार लावून पुन्हा ओरडले. एवढा लाडका नियम, आणि तो माझ्याच माडीवर, माझ्याच नाकासमोर यांनी सणासुदीच्या ताटासारखा एकमेकांना वाढला होता!

बाय खाली मान घालून ऐकत होती. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाली, "ताय, नियम कोणी लिवलो?"

"मी."

"चावी दिली तर काय?"

"नोकरी जाते."

"आणि वाचून चूक झाली तर?"

ती काय म्हणणार ते मला कळलं होतं.

"मगे मी वाचलंय. मीच दाबलंय. सकाळी येऊन दाबून गेलंय. झाली चूक," ती म्हणाली. "तेका ताकीद, माका ताकीद. दोघांचीव नोकरी ऱ्हवतली."

बाब कधी नव्हे तो तावातावाने बोलला. ती खोटं बोलणार असेल तर आपण आत्ताच पणजीला जाऊन सांगतो, म्हणाला. तिने त्याला खुर्चीत बसवलं. "तू गप ऱ्हव. ह्या वयात तुका कोण ठेवतलो? आणि तू खरा सांगलस काय माझी पण जाता, चावी मी दिलंय. माझ्या चेडवाचा काय करू मगे?" तिच्या मुलीचं नाव निघाल्यावर त्याने पणजीला जायचा हट्ट सोडला. मग दोघं माझ्याकडे बघू लागली. मी काय करणार होते? खरं सांगितलं तर दोघं जात होती, आणि ती ओळ माझी होती. मी म्हटलं, मी काही ऐकलं नाही. आणि जनेलापाशी जाऊन उभी राहिले. बसस्टँडवर कोणीतरी उसाचा रस काढत होतं, त्याच्या घुंगरांचा आवाज वर येत होता.

पणजीच्या मीटिंगला आम्ही तिघं गेलो. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, बायकडे मुलीची चौकशी केली. मग समोरचा स्क्रीन तिच्याकडे वळवला.

"हा दुसरा होकार तुमचा?"

"होय, सर."

"वाचून दिला?"

"वाचून दिला."

"घाईत?"

घाईत म्हणाली असती तर सुटली असती, असं मला अजून वाटतं. पण न वाचता होकार देणं हाही माझ्या नियमात गुन्हा होता, आणि नियम तिला पाठ होते. "नाही सर. नीट वाचला."

साहेबांनी कागद चाळले. "जुनं मशीन बंद पडलं तेव्हा तिथे कोण गेलं होतं? इथे तुमचंच नाव दिसतंय."

"मीच गेले होते."

"म्हणजे ती प्रत शेवटची आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं, सर. त्या वेळी लक्षात आलं नाही."

हे बोलताना तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. ही बाई कुठल्या दवाखान्यात कुठली वायर कुठून गेली आहे ते डोळे मिटून सांगणारी. आपण नीट वाचलं आणि आपल्याला कळलं नाही, असं तिला सगळ्यांसमोर कबूल करावं लागत होतं. बाब समोरच्या कपातल्या चहावर आलेली साय बघत बसला होता. माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. मी ते गिळलं, तिच्यासाठी गिळलं. गिळायची मला सवय नाही.

साहेबांनी स्क्रीन मिटवला. "ताकीद वगैरे काही देत नाही," ते म्हणाले. "तुमचा दोष नाही. उलट मला आज एक गोष्ट कळली." त्यांचा आवाज खरोखर दुःखी होता. आम्ही तिघं बाहेर आलो तेव्हा बाय रडत रडत हसत होती. ताकीदसुद्धा नाही! बाबने रस्त्याच्या कडेच्या गाड्यावर आम्हाला भाजी-पाव खायला घातला आणि स्वतः दोन प्लेटी खाल्ल्या. त्या दुपारइतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांना काय कळलं, ते आम्हाला दिवाळीनंतर समजलं. ज्याला सगळं माहीत आहे, जो नीट वाचतो, ज्याला घाई नाही, अशा माणसाच्या नजरेतूनही एवढी मोठी गोष्ट सुटते. मग माणसाच्या होकाराचा उपयोग काय? दोघांनी तपासलं तरी सुटलंच. तेव्हा आता एआयने सुचवलेलं दुसरं एआय तपासेल. ते थकत नाही, सणाला जात नाही, कुठल्या साठ्यात खरंच काय आहे ते उघडून बघतं. मी ते दुसरं यंत्र चालवून पाहिलं, त्याला नर्सिंग होमचीच गोष्ट घालून पाहिली. ते थांबलं. 'मूळ साठा रिकामा वाटतो, पुसू नये' असं त्याने लिहिलं. माझ्याकडे त्याविरुद्ध बोलायला काही नव्हतं. वर्ष संपताना डिचोलीचं ऑफिस बंद होणार होतं. मला पणजीत घेणार होते, नियम सांभाळायला. बाय आणि बाबला चांगल्या शेऱ्याचं पत्र देऊन मोकळं करणार होते.

मी दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे गेले आणि सगळं ओकले. दोघांनी तपासलंच नव्हतं. एकानेच तपासलं होतं. दुसरी बाई लाटंबार्सेला आरती करत होती. तुम्ही ज्या तपासणीला नापास केलं ती झालीच नव्हती! मी मेजावर हात आपटला की काय, आठवत नाही, पण पेन खाली पडलं होतं.

त्यांनी पेन उचललं. मग म्हणाले, "हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर दोघांना काढलं असतं. तसा नियमच आहे."

"नियम तुम्ही लिहिला होता, ताई. माणसं मी काढतो." ते रागावले नव्हते, थकले होते. "दाबणाऱ्याला काढावं लागलं असतं, हे खरं. तिला मी ठेवलं असतं. आणि मी डायरेक्टरांना सांगू शकलो असतो की दुसऱ्या माणसाने पाहिलं असतं तर हे टळलं असतं, म्हणून माणसं हवीत. ऑफिस राहिलं असतं. माझ्याकडे दुसरं कारणच नव्हतं द्यायला."

"मग आता सांगा."

"आता सगळ्यांना कळवून झालं. नव्या पद्धतीवर सह्या झाल्या. आता मी जाऊन काय सांगू? की आमची माणसं चाव्या एकमेकांच्या खणात ठेवतात? ते म्हणतील, बरं झालं वेळेवर यंत्र घेतलं."

मी उठले. दारात त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, हे तुम्ही मला सांगितलं नाही असं मी समजतो. म्हणजे पत्रांवरचा चांगला शेरा तसाच राहील. मी त्यांचे आभारही मानले. हे लिहिताना मला स्वतःचीच चीड येते.

ऑफिस रिकामं करायला दोन दिवस पुरले. मेजं, पंखा आणि फोन टेंपोत गेले. बाब आदल्या दिवशीच भेटून गेला. चुलत भाऊ बोटीवर आहे, त्याच्या ओळखीने तिथल्या लॉन्ड्रीत काही जमतं का बघतो, म्हणाला. पन्नाशीत बोटीवर. जाताना बायच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेला, मागे वळला नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी आणि बाय कुलूप लावून स्टँडवर आलो. स्कूटर बाजूला लावून मी तिच्याबरोबर बसची वाट बघत उभी राहिले. सीझन संपेपर्यंत मोरजीला एका हॉटेलात रिसेप्शनला घेतो म्हणालेत, ती सांगत होती. पुढचं पुढे. मुलीला सध्या नर्सिंगचं काही बोलू नको म्हणून सांगितलंय, तिचं अभ्यासावरून मन उडेल. आवाज सरळ होता तिचा. बस दूरवर वळताना दिसली तसं तिने माझ्या दंडाला धरलं.

"ताय, एक विचारू? आमी तेव्हा खरा सांगला आसता, तर काय झाला आसता गे? कायतरी वाचला आसता काय?"

माझं तोंड फाटकं आहे हे सगळी डिचोली जाणते. कोणाला वाईट वाटेल म्हणून मी आजवर खरं लपवलेलं नाही. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही गे. काहीच वाचलं नसतं. तेव्हाच दोघं गेला असता."

"मगे बरा केलंय," ती म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला. बस थांबली, ती मागच्या दाराने चढली, आणि गर्दीतून वाट काढत मला हात करत राहिली.